दिवाणखान्याचा रंग सगळ्यात शेवटी ठरवा

प्रश्न असा आला आहे: "ठाण्यात दुसऱ्या मजल्यावर आमचा टू बीएचके आहे. हॉल ११ बाय १६ फूट, उंची साडेनऊ. उजेड येतो तो फक्त उत्तरेच्या बाल्कनीतून, आणि समोरच दुसरी इमारत आहे. खाली आयव्हरी रंगाच्या व्हिट्रिफाइड टाइल्स, सासऱ्यांनी करून घेतलेला शिसवी सोफा, टीव्हीच्या भिंतीवर छतापर्यंतचं शोकेस, ईशान्येच्या कोपऱ्यात देवघर. गणपतीआधी हॉल नवा करायचा आहे. यजमानांना ग्रे हवा, मुलीला सेज ग्रीन, सासूबाई म्हणतात क्रीमच बरा. शेडकार्ड घेऊन बसलं की वाद होतो. कुठला रंग द्यावा? सोफा काढून टाकावा का? टीव्हीमागे वॉलपेपर लावला तर कसा दिसेल?"

शेडकार्ड आधी कपाटात ठेवून द्या. वाद त्याच्यामुळेच होतोय. एवढ्याशा चौकोनावर बोट ठेवून तिघं तीन रंग सुचवतात, पण तो रंग कुठल्या फरशीवर, कुठल्या उजेडात, कुठल्या सोफ्यामागे येणार आहे हे त्या वेळी कुणाच्या डोळ्यांपुढे नसतं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मंडळींनी भिंतीचा रंग सगळ्यात आधी ठरवलेला असतो आणि मग पडदे, सोफ्याचं कापड, दिवे त्याच्यामागे फरफटत जातात. क्रम उलटा हवा. रंगाच्या दुकानातल्या टिंटिंग मशीनवर हजारो छटा काढून मिळतात. कापड मात्र दुकानात जे असेल त्यातूनच निवडावं लागतं, आणि फरशी तर तुम्ही उखडणारच नाही आहात. म्हणून जे बदलता येत नाही त्याचा विचार आधी करा, जे मोजकंच मिळतं ते त्यानंतर घ्या, आणि हवं तसं बनवून मिळतं ते शेवटी ठेवा. भिंतीचा रंग या शेवटच्यातला.

तुमच्या गणपतीच्या मुदतीलाही हाच क्रम सोयीचा आहे, कारण भर पावसाळ्यात ठाण्यात भिंती रंगवू नयेत असं माझं ठाम मत आहे. हवा इतकी दमट असते की लांबी आतपर्यंत सुकत नाही. पेंटरला पुढचं काम गाठायचं असतं, तो ओलसर लांबीवरच पॉलिश पेपर मारतो, प्रायमर लावतो, रंगाचे दोन हात चढवतो. दिसायला सगळं गुळगुळीत होतं आणि पुढच्या पावसाळ्यात पोपडे सुटायला लागतात. तेव्हा गणपतीआधी काचा, दिवे, शोकेस, पडदे आणि सोफ्याचं कापड एवढं उरका. हॉल तेवढ्यानेही ओळखू येणार नाही इतका बदलेल. रंग नवरात्रानंतर, ऑक्टोबरच्या उन्हात भिंती कोरड्या झाल्यावर काढा. दिवाळीच्या तोंडावर चांगला पेंटर हाताला लागत नाही, त्यामुळे त्याला आत्ताच सांगून तारीख बांधून घ्या.

आता उजेड. उत्तरेकडून येणारा उजेड दिवसभर जवळजवळ एकसारखा असतो, पण थंड, किंचित निळसर. आपल्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत सूर्य माध्यान्हीला डोक्याच्या थोडा उत्तरेला असतो, त्यामुळे त्या दिवसांत उत्तरेच्या बाल्कनीतही सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येऊ शकतं. तुमच्याकडे समोर इमारत आहे, म्हणजे तेही फारसं आत पोचत नसणार. तुमच्या हॉलमध्ये येणारा बराचसा उजेड हा समोरच्या भिंतीवर आपटून आलेला आहे. ती भिंत कुठल्या रंगाची आहे ते बघा. विटकरी असेल तर आतही तांबूस झाक येते, हिरवी असेल तर क्रीम रंग आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखा फिकुटतो. शेडकार्डावर याचा काही पत्ता लागत नाही.

बाल्कनीच्या सरकत्या दारांची काच कुठली आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या कितीतरी इमारतींत हिरवट किंवा बाहेरून आरशासारखी चमकणारी काच बसवलेली आहे. एक साधी परीक्षा करा. दिवसा एक दार अर्धं उघडा, पांढरा कोरा कागद अर्धा काचेआड आणि अर्धा उघड्या भागात येईल असा बाहेरच्या बाजूला धरा आणि आतून बघा. काचेआडचा अर्धा भाग मळकट हिरवा दिसला, तर तुमच्या हॉलचा निम्मा आजार तिथे आहे. अॅल्युमिनियमची चौकट तशीच ठेवून फक्त काच बदलता येते. साधी पारदर्शक, मुलं-म्हातारी माणसं घरात असल्याने टफन्ड काच बसवा. बाहेरून इमारतीचं रूप बदलतं म्हणून सोसायटीला आधी पत्र द्या. त्याच वेळी डासांची जाळी काढून धुवून घ्या. वर्षानुवर्षांची धूळ बसलेली जाळी किती उजेड खाते ते धुतल्यावरच कळतं. अंधाऱ्या हॉलवर कितीही पांढरा रंग चढवला तरी उजेड नसेल तर तो पांढरा न दिसता राखाडी, निर्जीव दिसतो. त्यामुळे खर्चाचा पहिला रुपया काचेवर पडावा.

रात्रीचा उजेड हा त्याहून दुर्लक्षित विषय. बहुतेक घरांत हॉलमध्ये ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब असते. केल्विनचा आकडा दिव्याच्या उजेडाची झाक सांगतो: जितका मोठा तितका उजेड निळसर, जितका लहान तितका पिवळसर, उबदार. त्या निळसर प्रकाशात शिसवी लाकूड काळपट दिसतं, माणसांचे चेहरेही उतरलेले वाटतात, आणि मग दोष सोफ्याला मिळतो. मोठ्या दिव्यांसाठी ४००० केल्विन घ्या. कोपऱ्यातल्या, सोफ्याजवळच्या, तसबिरीवरच्या दिव्यांसाठी २७०० ते ३०००. दोन्हींची बटणं वेगवेगळी ठेवा. भाजी निवडायची, अभ्यास करायचा, झाडलोट करायची तेव्हा मोठे दिवे. संध्याकाळी चहा घेत बसायचं तेव्हा फक्त कोपऱ्यातले. खोक्यावर सीआरआय हा आकडा छापलेला असतो. तो ९० किंवा वर असेल तर रंग खरे दिसतात, स्वस्त दिव्यांत तो ८० च्या आसपास असतो. उजेड किती हवा? दिवा किती उजेड देतो ते ल्युमेनमध्ये मोजतात. तुमचा हॉल १७६ चौरस फुटांचा. चौरस फुटाला साधारण २० ल्युमेन धरले तर साडेतीन हजार ल्युमेन होतात. वीस वॅटची एक एलईडी ट्यूब दोन हजारांच्या आसपास देते. म्हणजे अशा दोन दिव्यांइतका मुख्य उजेड आणि दोन-तीन छोटे दिवे, एवढ्यात भागतं. यासाठी फॉल्स सीलिंगची गरज नाही. साडेनऊ फुटांतली सहा-आठ इंच उंची गेली की पंखा डोक्याशी येतो आणि अकरा फूट रुंदीचा हॉल बोळकांडीसारखा वाटायला लागतो.

यजमानांच्या ग्रेबद्दल सांगायचं तर डोंबिवलीतल्या एका घराबद्दल लिहायला हवं, कारण तिथली परिस्थिती तुमच्यासारखीच होती. आयव्हरी टाइल्स, उत्तरेचा उजेड, आणि मोबाइलवरच्या फोटोतून निवडलेला फिकट थंड ग्रे. रंग लागला आणि घरातल्यांनी मला बोलावलं, कारण भिंती जांभळट दिसत होत्या. पेंटरने चुकीचा डबा आणला असा सगळ्यांचा समज झाला होता. डब्यावरचा कोड तपासला, तो बरोबर होता. उरलेल्या रंगाचा हात एका पांढऱ्या पुठ्ठ्यावर मारला आणि पुठ्ठा बाल्कनीत नेला, तर ग्रे अगदी ग्रे. तोच पुठ्ठा हॉलमध्ये फरशीवर टेकवला की जांभळा. कारण सरळ आहे. आयव्हरी फरशीत पिवळी झाक असते. पिवळ्याच्या शेजारी ठेवलेला तटस्थ रंग डोळ्याला पिवळ्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे निळ्या-जांभळ्याकडे ढकलल्यासारखा दिसतो. फ्रान्समध्ये गोब्लँच्या गालिच्यांच्या कारखान्यात मिशेल शेव्ह्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाईचं काम बघायचे. काळा धागा काळा दिसत नाही अशी तक्रार आली तेव्हा त्यांना आढळलं की रंगात खोट नाही, शेजारचे रंग त्याचं रूप बदलतात. १८३९ मध्ये त्यांनी ते सविस्तर मांडलं. तुमच्या हॉलमध्ये तीच गोष्ट रोज घडणार आहे. डोंबिवलीत आम्ही भिंती पुन्हा रंगवल्या नाहीत. दिवे उबदार केले, फरशीचा मोठा भाग झाकेल असा मातकट रंगाचा गालिचा टाकला, आणि जांभळेपणा बराच निवला. पण तुमचं अजून सगळं हातात आहे, तेव्हा थंड ग्रे भिंतीवर नकोच. यजमानांचा ग्रे आपण दुसरीकडे वापरू.

सोफा काढू नका, हे कळकळीने सांगते. सांधे पक्के असलेला शिसवी सोफा आज नव्याने करायला गेलात तर लाकडाचा भाव ऐकूनच परत याल. आणि त्याच्या बदल्यात जे आणाल ते बहुधा प्लायवूड किंवा स्वस्त लाकडाच्या सांगाड्यावर फोम चढवलेलं असेल. तुमच्या सोफ्याचा दोष लाकडात नाही, बसकणीत असावा. फोम बसला असेल, कापड चकचकीत मरून रंगाचं किंवा मोठ्या फुलांचं असेल. सुताराकडून सांधे बघून घ्या, जुनं पॉलिश उतरवून मॅट पॉलिश करून घ्या. लाकडाची रेघ दिसू लागली की निम्मं जडपण जातं. बसकणीला ४० डेन्सिटीचा फोम घाला. कापड जाड सुती किंवा ज्यूटमिश्रित, आणि खोळी चेन लावून काढता-घालता येतील अशाच शिवा. ठाण्याच्या दमट हवेत न धुता येणारं कापड दोन पावसाळ्यांत वास मारतं. इथे यजमानांचा ग्रे येईल, पण त्यात थोडी माती मिसळलेला, ओल्या वाळूच्या जवळचा. तांबूस लाकूड आणि पिवळट फरशी या दोघांशी त्याचं जमतं.

उशांसाठी खण घ्या. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण आता मुंबई-पुण्यात सहज मिळतो. त्याचा पन्हा अरुंद असतो, त्यामुळे पुढच्या बाजूला खण आणि मागे साधं सुती असं शिवून घेतलं तर कापड वाया जात नाही आणि काठही मधोमध आणता येतो. दोनच उशा खणाच्या, बाकी साध्या. खण, पैठणीचा काठ, कलमकारी, इकत असं सगळं एकाच सोफ्यावर मांडलेलं मी फार बघते. प्रत्येक कापड आपापल्या जागी देखणं असतं, पण एकत्र आल्यावर एकही नीट बघता येत नाही.

पडद्यांवर थोडं थांबते, कारण रंगाइतकाच पैसा इथे जातो आणि बहुतेक वेळा तो चुकीच्या मापावर जातो. पडद्याची दांडी दाराच्या चौकटीला लागून बसवतात आणि पडदा चौकटीपुरताच शिवतात. तुमच्याकडे साडेनऊ फूट उंची आहे. दांडी नऊ फुटांवर, छताच्या जवळ बसवा आणि दोन्ही बाजूंना चौकटीच्या बाहेर फूटभर तरी जाऊ द्या, म्हणजे दिवसा पडदा सारला की तो भिंतीवर गोळा होतो आणि काच पूर्ण मोकळी राहते. कापड दांडीच्या रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट लागतं. दांडी आठ फुटांची धरली तर ५४ इंची पन्ह्याच्या चार पट्ट्या घ्या. अठरा फूट होतात आणि चुण्या भरगच्च पडतात. पडद्याची खालची कड फरशीच्या अर्धा इंच वर. सुती कापड असेल तर शिवण्याआधी भिजवून घ्या आणि खाली चार इंच दुमड ठेवायला सांगा, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर पडदा आखूड होतो. रंग भिंतीच्या जवळचा, फिकट. आतून पांढरं मलमल, जे दिवसा ओढून ठेवलं तरी उजेड अडत नाही आणि समोरच्या इमारतीतून घर दिसत नाही. गडद पडदे या हॉलला पेलणार नाहीत.

शोकेस. छतापर्यंतचं तपकिरी लॅमिनेट आणि काचेची दारं अकरा फुटांच्या रुंदीत समोर उभी असली की खोली तेवढी पुढे सरकते. वरचा भाग उतरवा, खालची कपाटं ठेवा. दीड फूट उंचीचं, सहा-सात फूट लांबीचं बसकं युनिट उरलं की टीव्ही त्याच्या वर येईल आणि भिंतीचा वरचा भाग मोकळा श्वास घेईल. शक्य असेल तर ते भिंतीला न ठोकता सुटं ठेवा. गणपतीत तेच युनिट पुढे ओढून मखराची बैठक होते, टीव्ही तेवढे दिवस आत जातो, आणि मागे साधी भिंत असल्याने सजावट कुठलीही केली तरी शोभते. आपल्या घरातला हॉल वर्षातून एकदा देवाला, कधी हळदीकुंकवाला, कधी गादी घालून झोपणाऱ्या पाहुण्यांना मोकळा करून द्यावा लागतो. परदेशी मासिकांतल्या खोल्यांना हे करावं लागत नाही, म्हणून तिथल्या कोरीव टीव्ही-भिंती आपल्याकडे अडगळ होतात. त्या भिंतीवर जमिनीपासून एक-दीड फुटावर दोन जादा प्लग पॉइंट आत्ताच काढून घ्या. मखराच्या माळांसाठी दरवर्षी एक्स्टेन्शनची वायर पायात येते ती थांबेल. भिंत फोडायचं काम रंगाआधी, हे वेगळं सांगायला नको.

वॉलपेपरला माझा नकार. बाहेरच्या भिंतीवर तो पावसाळ्यात सुटतो आणि त्याच्यामागे बुरशी वाढत राहते, जी दिसत नाही. आतल्या कोरड्या भिंतीवर टिकतो, पण युनिट, टीव्ही, मखर हे सगळं त्यापुढे येणार असेल तर दिसणार किती? टेक्स्चर पेंटबद्दलही हेच. रस्त्याजवळच्या घरात त्याच्या खाचांत धूळ बसते आणि ती पुसताही येत नाही.

देवघराचा कोपरा सासूबाईंना विचारल्याशिवाय हलवू नका. तो उजेडाजवळ आहे, जागा चांगली आहे. फक्त समई आणि उदबत्तीच्या काजळीने तिथली भिंत काळवंडत असेल, तर देवघराच्या मागे आणि वर दोन फुटांपर्यंत लाकडी फळी किंवा फिकट दगडाची पाटी बसवा, जी ओल्या फडक्याने पुसता येईल. त्या कोपऱ्यासाठी उबदार छोटा दिवा द्या आणि लाल-निळ्या लुकलुकत्या माळा उतरवा.

एवढं सगळं जागेवर आलं की मग भिंतीचा रंग. शेडकार्डावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक छटेपुढे एलआरव्ही नावाचा आकडा बहुधा दिलेला असतो. रंग पडलेल्या उजेडापैकी किती परत फेकतो ते तो सांगतो: शून्य म्हणजे काळा, शंभर म्हणजे सगळा उजेड परत. बाजारातला पांढरा ८५ च्या आसपास असतो. गडद निळा-हिरवा १५ च्या खाली जातो. तुमच्या हॉलला तीन भिंतींवर ७० ते ७५ चा उबदार ऑफव्हाइट द्या, ज्यात पिवळ्याची नाममात्र झाक असेल. सासूबाई ज्याला क्रीम म्हणतात त्याच्या तो एक पायरी अलीकडे, जरा कमी पिवळा. फरशी आधीच पिवळट आहे, भिंतही तेवढीच पिवळी केली तर सगळी खोली दुधावरच्या जुन्या सायीसारखी दिसेल.

सोफ्यामागची सोळा फुटांची भिंत मुलीची. तिथे सेज ग्रीन, पण राखाडी मिसळलेला, किंचित पिवळ्याकडे झुकणारा, एलआरव्ही ५० ते ५५. शिसवी लाकडात तांबूसपणा आहे आणि हिरवा त्याच्या विरुद्धचा रंग, म्हणून लाकूड त्यापुढे उठून दिसेल; जे काम पॉलिशला एकट्याने जमलं नसतं ते ही भिंत करेल. हीच भिंत का? तिच्यावर बाल्कनीचा उजेड बाजूने पडतो, त्यामुळे तिच्यावरचा रंग दिवसभर खुलतो. बाल्कनीच्या भिंतीला गडद रंग दिला असता तर काचेच्या झगमगाटापुढे ती काळी दिसली असती. टीव्हीच्या भिंतीला दिला असता तर मखराची पंचाईत. छत पांढरंच, पण ऑफव्हाइटचा थोडा अंश मिसळलेलं. निळसर पांढरं छत आयव्हरी फरशीला मळकी ठरवतं. घरातल्या तिघांचंही काही ना काही यात आलं आहे, पण मी तो हिशेब म्हणून लावलेला नाही. फरशी, लाकूड आणि उजेड बघून मी एकटीने ठरवलं असतं तरी इथेच पोचले असते.

बाजूने येणाऱ्या उजेडाची दुसरी बाजूही सांगते. लांब भिंतीवर तिरपा उजेड पडला की लांबीतला प्रत्येक उंचवटा आणि रोलरचा प्रत्येक पट्टा दिसतो. त्या भिंतीला सिल्क किंवा चमकदार फिनिश देऊ नका, मॅट घ्या. हल्लीचे चांगले मॅट इमल्शन पुसता येतात. आणि पेंटरला सांगा की शेवटचा पॉलिश पेपर मारताना बल्ब भिंतीला चिकटवून, तिरपा धरून बघायचा. समोरून बल्ब धरला तर काहीच दिसत नाही.

छटा नक्की करण्यापूर्वी नमुना घ्या, पण भिंतीवर फटकारे मारून नको. जुन्या रंगाच्या मधोमध मारलेला नवा पट्टा शेव्ह्रल यांच्या नियमाने फसवतो. दोन बाय दोन फुटांचे हार्डबोर्डाचे तुकडे घ्या, प्रायमर लावा, रंगाचे दोन हात द्या, कडेला दोन इंच पांढरं सोडा. छोटे सॅम्पलर डबे मिळतात. हे फलक सोफ्यामागे टेकवा, फरशीवर उभे करा, नवं कापड शेजारी ठेवा. सकाळी आठला, दुपारी चारला आणि रात्री नवे दिवे लावून बघा. रात्रीचं बघणं बहुतेक जण टाळतात, आणि नोकरीवरून आल्यावर घर बघायची वेळ तर तीच असते. दोन छटांत अडकलात तर फिकी आणि कमी भडक घ्या. चार भिंती मिळून रंग फलकापेक्षा गडद वाटतो, कारण भिंती एकमेकींवर आपला रंग फेकत राहतात.

ओल तपासल्याशिवाय काम सुरू करू नका. बाल्कनीलगतची भिंत आणि बाथरूमला लागून असलेली भिंत हाताने चाचपून बघा. पांढरी पावडर हाताला येत असेल, लोणा लागला असेल, तर त्यावर लांबी भरून उपयोग नाही, क्षार ती ढकलून बाहेर येणारच. शंका असेल तिथे फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांना चिकटपट्टीने हवाबंद लावून दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब धरले तर पाणी भिंतीतून येतंय. मग आधी बाहेरची भेग, गळका पाइप किंवा बाथरूमच्या टाइल्सचे सांधे, आणि ते सुकल्यावर रंग. बाहेरची भेग सोसायटीच्या कामात येते, सोसायटीचं काम दोन महिने खातं, म्हणून पत्र आत्ताच द्या, काचेच्या पत्राबरोबरच.

सोफ्यावरच्या भिंतीवर काय लावायचं हे तुम्ही विचारलं नाही, पण हिरवी भिंत ठरल्यावर एक गोष्ट सुचवावीशी वाटते. तुम्ही ठाण्यात राहता, वारली चित्रं तुमच्या शेजारच्या डहाणू-जव्हार भागातली. २०११ साली पद्मश्री मिळालेले जिव्या सोमा मशे डहाणूजवळचेच. गेरूच्या किंवा शेणाच्या रंगाच्या जमिनीवर तांदळाच्या पिठीचं पांढरं रेखाटन या राखट हिरव्यावर जेवढं खुलेल तेवढं क्वचितच दुसरं काही खुलेल. छापील प्रत घेऊ नका; पाड्यांवरच्या चित्रकारांकडून मूळ काम घ्या, एकच आणि मोठं. सोफ्याच्या रुंदीच्या दोन तृतीयांश भरेल एवढं, चौकटीची खालची कड सोफ्याच्या पाठीपासून आठ इंच वर. बहुतेक घरांत तसबिरी छताकडे पळालेल्या असतात. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर आला की उभ्या माणसाच्या नजरेला तो सहज पडतो. काचेवर समोरचा दिवा चमकणार असेल तर चमक न येणारी काच मागा.

रंग किती आणायचा: चारी भिंतींचा घेर ५४ फूट, उंची साडेनऊ, म्हणजे ५१३ चौरस फूट. दारं, बाल्कनी, युनिट वजा जाता चारशेच्या आसपास उरतात. त्यातली सोफ्याची भिंत दीडशे, म्हणजे हिरवा दोन लिटर पुरे. ऑफव्हाइटला अडीच-तीन लिटर लागतील, तिथे चार लिटरचा डबा घ्या. हिरवा एक-एक लिटरच्या दोन डब्यांत आला तर दोन्ही एका स्वच्छ बादलीत ओतून एकत्र ढवळायला सांगा, मशीनवर काढलेल्या दोन डब्यांत बारीक फरक राहू शकतो आणि तो नेमका भिंतीच्या मधोमध दिसतो. उरलेला रंग पेंटरला नेऊ देऊ नका. काचेच्या लहान बरणीत काठोकाठ भरा, झाकणावर छटेचा कोड, फिनिश आणि तारीख लिहून ठेवा. सोफा सरकवताना पडलेला ओरखडा बुजवायला तोच रंग लागतो.